वेदनेला प्रमाण काय?

१६४३ च्या मे महिन्यात हेगमधून एका चोवीस वर्षांच्या राजकन्येने रने देकार्तला पत्र लिहिले. बोहेमियाची एलिझाबेथ. वडिलांचे राज्य ती अगदी लहान असतानाच गेले होते आणि घराणे डचांच्या आश्रयाने दिवस काढत होते. तिचा प्रश्न असा होता : आत्मा म्हणजे निव्वळ विचार करणारे द्रव्य, त्याला लांबी-रुंदी नाही, तो जागा व्यापत नाही असे तुम्ही म्हणता, मग हात उचलावा असे मनात आले की हात उचलला कसा जातो? वस्तू हलवायची तर ढकलावी लागते, ढकलायला स्पर्श हवा, स्पर्शाला विस्तार हवा. आत्म्यापाशी तर यातले काहीच तुम्ही शिल्लक ठेवलेले नाही.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात ही हकिगत बहुधा इथेच संपते. राजकन्येने पेच टाकला, तत्त्ववेत्ता अडकला. पण त्या उन्हाळ्यातली पुढची पत्रे वाचल्याशिवाय हा पेच नेमका कशाचा आहे ते कळत नाही. देकार्तने आधी वजनाचे उदाहरण देऊन पाहिले. दगडाचे वजन दगडाला खाली नेते, तेव्हा एका पृष्ठभागाने दुसऱ्याला ढकलले अशी कल्पना आपण करत नाही. आत्म्याचेही तसेच समजावे. एलिझाबेथला ते पटले नाही. अमूर्त वस्तूला शरीर हलवण्याची शक्ती देण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असे मानणे मला सोपे जाईल, असे तिने जूनमध्ये कळवले. शरीरात बिघाड झाला की चांगला विचार करणाऱ्या माणसाचीही विचारशक्ती जाते. जो आत्मा शरीरावाचून राहू शकतो त्याच्यावर शरीराची एवढी सत्ता का चालावी, हेही तिने विचारले.

यावर २८ जूनला देकार्तने जे उत्तर दिले त्याला अनेक अभ्यासक पळवाट म्हणतात. मला ते त्याच्या सगळ्या लेखनातले सर्वांत प्रामाणिक पान वाटते. तो म्हणतो, आत्मा कळतो तो शुद्ध बुद्धीने. शरीर कळते ते बुद्धीला कल्पनाशक्तीची जोड मिळाल्यावर. आणि आत्मा व शरीर यांची जी एकी आहे ती कळते इंद्रियांनी, रोजच्या जगण्यातून आणि बोलण्याचालण्यातून. चिंतनाला बसलेल्या माणसाला ती धूसरच दिसणार. निव्वळ बुद्धीच्या विचारांना आपण वर्षातले फार थोडे तास देतो, असेही त्याने तिला सांगून टाकले. म्हणजे एलिझाबेथने विचारले होते, या दोन गोष्टी एकमेकींना भिडतात कशा. आणि देकार्त सांगत होता, आपल्याला त्या दोन आणि त्यांची एकी तीन वेगळ्या वाटांनी कळतात. प्रश्न वस्तूंचा होता, उत्तर ज्ञानाच्या साधनांचे आले.

मन आणि शरीर यांचा प्रश्न आजही याच ठिकाणी उभा आहे, असे मला वाटते. जगात किती प्रकारची द्रव्ये आहेत हे ठरवायला आपण बसतो, पण प्रत्यक्षात निर्णय त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो : कशाला प्रमाण मानायचे, या मुद्द्यावर. जो आतल्या अनुभवालाच प्रमाण मानतो त्याला शरीराहून निराळा आत्मा दिसू लागतो. जो बाहेरून दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या गोष्टींनाच प्रमाण मानतो त्याच्या हिशेबातून अनुभव गळून जातो. दोघेही प्रमाणांच्या म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या भेदावरून प्रमेयांचा म्हणजे ज्ञेय वस्तूंचा निवाडा करतात. हा निवाडा तत्त्वज्ञांपुरता राहिला असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. तो रुग्णालयांत, न्यायालयांत आणि घराघरांत होतो, आणि त्याची किंमत ज्याला दुखते आहे त्याला मोजावी लागते.

देकार्तला वेदनेचे हे अवघडपण ठाऊक होते. १६४४ साली प्रसिद्ध झालेला ‘तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे’ हा ग्रंथ त्याने एलिझाबेथलाच अर्पण केला आणि त्यात एका मुलीची हकिगत दिली. तिचा हात सडू लागला होता. शल्यवैद्य आला की तिचे डोळे बांधत. पुढे हात कोपरापर्यंत कापला आणि त्या जागी कापडाच्या पट्ट्या अशा गुंडाळल्या की तिला काही कळू नये. ती मात्र कधी या बोटात दुखते, कधी त्या बोटात, अशी तक्रार करत राहिली. बोटे नव्हतीच. देकार्तने यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर होता : वेदना हातात जाणवत नाही, मेंदूत जाणवते. पण त्या मुलीच्या बोलण्यात दोन विधाने मिसळलेली होती, एक ‘मला दुखते आहे’ आणि दुसरे ‘बोटात दुखते आहे’. दुसरे खोटे निघाले म्हणून पहिले खोटे ठरत नाही. हा भेद पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे वळतो, कारण प्रमाणांचा विचार भारतीय दर्शनांनी जितक्या बारकाईने केला तितका देकार्तच्या काळापर्यंत युरोपात झाला नव्हता. मराठी वाचकाला चार्वाक परिचित आहे. सदाशिव आठवले यांचे ‘चार्वाक : इतिहास आणि तत्त्वज्ञान’, आ. ह. साळुंखे यांचे ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ अशा पुस्तकांनी त्याच्यावरचा खाओ-पिओ-मजा-करोचा शिक्का पुसला, आणि ते फार मोलाचे काम झाले. पण आपल्या वादांत चार्वाक येतो तो आत्मा आणि परलोक नाकारणारा म्हणून. तो ते कशाच्या बळावर नाकारतो इकडे लक्ष जात नाही. त्याचे बळ त्याच्या प्रमाणविचारात आहे. प्रत्यक्ष तेवढे खरे. धूर तिथे अग्नी हा नियम सांगायचा तर भूत-भविष्यातले सगळे धूर पाहायला हवेत, ते कोणी पाहिले? डेव्हिड ह्यूमचे नाव या शंकेशी आज जोडले जाते. ती आपल्याकडे त्याच्या कित्येक शतके आधी मांडली गेली. अनुमान गेले की आत्म्याची अनुमानेही गेली. उरतात पृथ्वी, आप, तेज, वायू आणि त्यांच्या संयोगातून उपजणारी जाणीव, किण्वातून मद्यशक्ती उपजावी तशी.

याला वाचस्पतिमिश्राने सांख्यतत्त्वकौमुदीत दिलेले उत्तर मला अजोड वाटते. अनुमान प्रमाण नाही असे चार्वाक कुणाला तरी समजावून सांगतो. ज्याला सांगतो तो अज्ञानी आहे, किंवा संशयात आहे, किंवा चुकीचे समजून बसला आहे, हे त्याला कसे कळले? दुसऱ्याचे अज्ञान डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या बोलण्यावरून, चेहऱ्यावरूनच ते ओळखावे लागते, म्हणजे अनुमानच करावे लागते. थोडक्यात, फक्त प्रत्यक्षावर जगणाऱ्याच्या जगात दुसरे मनच नसते, आणि वादही नसतो. धर्मकीर्तीला तर दुसऱ्या चित्तप्रवाहांची सिद्धी करण्यासाठी ‘सन्तानान्तरसिद्धी’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहावासा वाटला. पुरंदराच्या नावावर सांगितला जाणारा एक मवाळ चार्वाकपक्ष आहे. तो लौकिक व्यवहारातले अनुमान मानतो, परलोकाबद्दलचे तेवढे मानत नाही. ही भूमिका मला पुष्कळ शहाणपणाची वाटते, पण मग दुसऱ्याची वेदना लौकिकात जमा होते आणि तिच्याबद्दलच्या अनुमानाला दार उघडावेच लागते.

दुसरी बाजूही तितक्याच काटेकोरपणे तपासली पाहिजे. ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्य देहात्मवादाला दोन युक्तिवादांनी उत्तर देतात. पहिला असा : रंग-रूप हे देहाचे गुण इतरांनाही दिसतात, स्मृती आणि जाणीव इतरांना दिसत नाहीत, म्हणून ते देहाचे गुण नव्हेत. दुसरा दिव्याचा : दिवा असला की दिसते, नसला की दिसत नाही, म्हणून काही दिसणे हा दिव्याचा गुण होत नाही, तसे देह असताना जाणीव असते एवढ्यावरून ती देहाची ठरत नाही. दुसरा युक्तिवाद आजही पक्का आहे. मेंदूच्या अमुक भागात हालचाल झाली की अमुक अनुभव येतो, या सहभावावरून ‘अनुभव म्हणजे ती हालचालच’ असे ताबडतोब सिद्ध होत नाही. पण आत्मा निराळा आहे हेही त्यातून सिद्ध होत नाही; दार फक्त उघडे राहते. पहिला युक्तिवाद मात्र मला मान्य नाही. जाणीव इतरांना दिसत नाही हे खरे. ती दुसऱ्या वाटेने कळते, एवढेच त्यातून निघते. ती दुसरी वस्तू आहे हे त्यातून निघत नाही. देकार्तही याच पायरीवर घसरला आहे.

इथे न्यायदर्शनातला एक वाद आठवावा. तो आज फारसा कुणी आठवत नाही याची मला खंत वाटते. एकच वस्तू अनेक प्रमाणांनी कळू शकते की प्रत्येक प्रमाणाचा प्रांत ठरलेला असतो? पहिल्याला प्रमाणसंप्लव म्हणतात, दुसऱ्याला प्रमाणव्यवस्था. दिङ्नागाने प्रांत काटेकोर वाटले : प्रत्यक्षाला स्वलक्षण म्हणजे एकेक विशिष्ट वस्तू, अनुमानाला सामान्य, आणि एकाचा विषय दुसऱ्याला कधीच मिळणार नाही. वात्स्यायनाने न्यायभाष्यात दोन्ही होते असे सांगितले आणि संप्लवाचे उदाहरण दिले. डोंगरावर अग्नी आहे हे आधी विश्वासू माणसाकडून कळते. जवळ गेल्यावर धुरावरून अनुमानाने कळते. आणखी जवळ गेल्यावर डोळ्यांना दिसते. तीन प्रमाणे, अग्नी एकच.

मन आणि शरीर यांच्या आजच्या वादावर हे उदाहरण ठेवून पाहा. थॉमस नेगल याने १९७४ साली वटवाघूळ असणे म्हणजे काय असते असे विचारले आणि वटवाघळाचे सगळे शरीरशास्त्र कळूनही ते कळणार नाही, असे दाखवले. फ्रँक जॅक्सनने १९८२ मध्ये मेरी नावाची शास्त्रज्ञ कल्पिली. तिला रंगदृष्टीचे सगळे विज्ञान येते, पण तिने उभे आयुष्य काळ्या-पांढऱ्या खोलीत काढले आहे. तांबडा रंग पहिल्यांदा दिसेल तेव्हा तिला काही नवे कळेल की नाही? कळेल, असे जवळपास प्रत्येकाला वाटते. पण ते नवे कळणे म्हणजे नव्या वस्तूचे ज्ञान, की जुन्याच वस्तूचे नव्या प्रमाणाने झालेले ज्ञान? दिङ्नागाच्या वाटणीत पहिले उत्तर येईल, वात्स्यायनाच्या डोंगरावर दुसरे. मी वात्स्यायनाच्या बाजूचा आहे. वेदना आतून भोगली जाते, चेहऱ्यावरून ओळखली जाते, मेंदूच्या चित्रणात हालचाल म्हणून दिसते. ही एकाच घटनेकडे जाणाऱ्या तीन वाटा आहेत असे मानण्यात तर्काची कोणतीही अडचण मला दिसत नाही. अडचण उरते ती अशी की डोंगरावरचा माणूस चालत चालत धुरापासून ज्वाळेपर्यंत पोहोचतो. मेंदूच्या चित्रणापासून चालत निघालेला कुणी दुसऱ्याच्या वेदनेपर्यंत पोहोचत नाही. हे अंतर खरे आहे. पण ते पाहणाऱ्याच्या जागेमुळे पडलेले आहे, दोन जगांमुळे नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे.

सांख्यांचे एक वेगळेपण जाता जाता सांगतो. त्यांनी मन, बुद्धी, अहंकार हे सगळे प्रकृतीच्या म्हणजे जडाच्या बाजूला टाकले. पलीकडे राहिला फक्त साक्षी पुरुष. विचार करणे हे आत्म्याचे लक्षण, हे देकार्तचे म्हणणे त्यांना मान्यच झाले नसते. हिशेब करणारी, भाषा बोलणारी यंत्रे आज आली आहेत, त्यांना पाहून सांख्य दचकला नसता.

आता हा वाद माणसाच्या अंगावर कसा येतो ते पाहू. १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य रुग्णालयांत नवजात बाळांवरच्या मोठ्या शस्त्रक्रियाही अनेकदा अपुऱ्या भुलीवर होत. बाळाची मज्जासंस्था अपक्व आहे, त्याच्या हालचाली म्हणजे निव्वळ प्रतिक्षेप, त्याला पुढे काही आठवणार नाही, शिवाय भुलीच्या औषधाने त्याच्या जिवाला धोका, अशी कारणे दिली जात. शेवटचे कारण खरोखरच्या काळजीतून आले होते. बाकीची प्रमाणाच्या हट्टातून. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकाली जन्मलेल्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधण्याची ती शस्त्रक्रिया होती. सगळ्या बाळांना नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू लुळे करणारे औषध दिले होते; काहींना त्याशिवाय फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरके कितीतरी अधिक वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नवजातांनाही भूल द्यावी असे निवेदन काढले.

स्नायू लुळे झालेले बाळ रडू शकत नाही, हातपाय झाडू शकत नाही. त्याच्याजवळ शब्द तर नव्हताच. जी चिन्हे पाहून कुणी अनुमान करावे तीही औषधाने काढून घेतलेली होती. आणि मग म्हणायचे, वेदनेचा पुरावा नाही. पुरावा नसणे आणि पुरावा यायची वाट बंद केलेली असणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला म्हणजे न दिसण्याला प्रमाण मानताना अट घातली होती : वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून ती नाही असे म्हणता येते. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असे होत नाही. ही अट त्या शस्त्रक्रियागृहांत पाळली गेली नाही.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या टिपांमध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या : आपल्याला वेदना होते असे माणूस सांगतो त्याचा मान राखला जावा, आणि बोलता येत नाही म्हणून वेदना नाही असे समजू नये. माझ्या दृष्टीने ही प्रमाणशास्त्रातली विधाने आहेत. पहिले शब्दप्रमाणाला म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्याला जागा देते, दुसरे अनुमानाला. वात्स्यायनाने आप्त कोण हे सांगताना म्हटले आहे की ज्याने वस्तू साक्षात अनुभवली आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो तो आप्त, आणि ही व्याख्या ऋषी, आर्य, म्लेच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे. स्वतःच्या दुखण्याचा साक्षात अनुभव रोग्याशिवाय कुणाला असणार? प्रसूतीच्या खोलीत ओरडणाऱ्या बाईला ‘नाटके करू नको’ म्हणतात, शेतमजुराला ‘तुम्हा लोकांना सवय असते’ म्हणतात, तेव्हा तिथे त्या विषयातला एकमेव आप्त गप्प केला जात असतो. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ स्त्रीने २००७ च्या आपल्या ग्रंथात याला ज्ञानाच्या क्षेत्रातला अन्याय म्हटले आहे. मी त्याला अन्याय तर म्हणेनच, पण तर्कदोषही म्हणेन.

यावर विज्ञाननिष्ठ माणूस म्हणेल, की बोलण्यावर कशाला विसंबायचे, आता मेंदूच पाहता येतो. एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रस्ता अपघातानंतर निश्चेष्ट पडलेल्या तेवीस वर्षांच्या स्त्रीला चित्रणयंत्रात ठेवून ‘आपण टेनिस खेळतो आहोत अशी कल्पना कर’, ‘आपल्या घरात फिरतो आहोत अशी कल्पना कर’ असे सांगितले, आणि तिच्या मेंदूत निरोगी माणसांसारखीच हालचाल दिसली. बाहेरून तिच्यात जाणिवेचे एकही चिन्ह नव्हते. हा प्रयोग वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण टेनिसच्या कल्पनेची हालचाल कोणती हे यंत्राला कुणी शिकवले? ज्यांना सूचना कळली, ज्यांनी तशी कल्पना केली आणि केली असे सांगितले अशा निरोगी स्वयंसेवकांनी. मेंदूच्या नकाशावर ‘वेदना’, ‘भीती’, ‘तांबडा’ ही नावे लिहिली गेली ती माणसांच्या सांगण्यावरून. आपल्या परंपरेत याला उपजीव्यविरोध म्हणतात : ज्या प्रमाणाच्या आधाराने दुसरे प्रमाण उभे राहिले, त्याच आधाराला ते खोटे ठरवू शकत नाही. चित्रण एखाद्या माणसाचे एखादे विधान दुरुस्त करू शकेल. शब्दाला सरसकट बाद करण्याचा अधिकार त्याला नाही.

शब्दही नाही आणि यंत्राचा निर्वाळाही स्पष्ट नाही, अशीही वेळ येते. अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला तेव्हा त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात सदतीस वर्षे पडून होत्या. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमून तपासणी करवली. रुग्णालयातल्या परिचारिका सांगत होत्या की त्या आवडनिवड चेहऱ्यावरून दाखवतात. न्यायालयाने दयामरणाचा अर्ज फेटाळला आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. परिचारिकांचे ते ज्ञान मायेने रंगलेले असू शकते, हे मला मान्य आहे. पण वर्षानुवर्षे रोज भरवणाऱ्या हातांनी केलेले अनुमान आणि थोड्या वेळाच्या तपासणीतले अनुमान यांत दुसरेच तेवढे शास्त्रीय, असे मी म्हणणार नाही. दोन्ही अनुमानेच आहेत, आणि पहिल्याला निरीक्षणाचा साठा मोठा आहे.

आता सर्वांत अवघड आक्षेप, आणि महाराष्ट्रात तो टाळता येत नाही. माणसाच्या सांगण्याला प्रमाण मानायचे तर ‘माझ्या अंगात देवी येते’ म्हणणाऱ्या बाईचे काय? नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचले, ज्यासाठी २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, ते सगळे या एका सवलतीने पाण्यात जाणार नाही का?

देकार्तच्या त्या मुलीकडे पाहिले तर जाणार नाही. दुखते आहे याला ती आप्त होती, कुठे दुखते याला नव्हती. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ मध्ये एक प्रयोग नोंदवला. एका रांगेत ठेवलेल्या पायमोज्यांच्या चार जोडांतून सर्वांत चांगला जोड लोकांना निवडायला सांगितला. चारही अगदी सारखे होते. लोकांनी बहुधा उजव्या टोकाचा निवडला आणि कारण विचारल्यावर विणीचे, पोताचे गुण सांगितले; जागेमुळे निवडला असे कुणाच्या ध्यानीही आले नाही. ते खोटे बोलत नव्हते. आपल्याला काय वाटते हे माणूस सांगू शकतो. ते का वाटते हे त्याला इतरांइतकेच, म्हणजे अनुमानानेच कळते, आणि त्यात तो इतरांइतकाच चुकतो. शब्दप्रमाणाची हद्द अनुभवापाशी संपते. त्या अनुभवाचे कारण हा अनुमानाचा प्रांत आहे, आणि तिथे पुरावा, प्रयोग, वैद्यक या सगळ्यांची सत्ता चालते.

म्हणून अंगात येणाऱ्या बाईला ढोंगी म्हणणारा आणि तिच्या पायावर डोके ठेवणारा, दोघेही मला एकाच जागी चुकलेले दिसतात. पहिला तिचा अनुभवच नाकारतो. दुसरा तिने सांगितलेल्या कारणालाही अनुभवाइतकेच खरे धरतो. तिला थरथर सुटते, आवाज बदलतो, नंतर अंग गळून जाते आणि काही काळ घरात तिचे कुणी ऐकते, यातले बरेचसे ती स्वतः सांगू शकते, आणि ते तिच्याकडूनच ऐकले पाहिजे. देवी आहे की नाही, ताण आहे की आजार, घरातला जाच आहे की आणखी काही, हे तिच्या सांगण्यावरून ठरत नाही. ते ठरवायला मानसोपचारतज्ज्ञ लागेल, घरच्यांची चौकशी लागेल. पण त्या चौकशीची सुरुवात तिला नेमके काय होते हे तिलाच विचारण्याने झाली पाहिजे, आणि ती सांगत असताना ते लिहून घेतले गेले पाहिजे.